गर्भात हुकूम कोणाचा?

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात रागांच्या आधी गर्भ येतो. नाद देहातून उमटतो, तर देह कसा घडतो ते आधी सांगावं, असा त्याचा हिशेब. पहिल्या महिन्यात कलल म्हणजे पातळ द्रव, दुसऱ्यात घट्ट गोळा, तिसऱ्यात हात, पाय आणि डोक्याचे पाच अंकुर. हातापायांचे अंकुर खरं तर पाचव्या आठवड्याच्या आगेमागेच फुटतात. पण ‘अंकुर’ हा शब्द मात्र चपखल.

काय कधी दिसतं, हे जुने लोक आपापल्या परीने सांगत होते. पण एकाच पेशीची लेकरं असताना एकीने हाड आणि दुसरीने डोळा व्हायचं, हे कोण ठरवतं? त्याचा धागा 1961 मध्ये सापडला, तोही आतड्यातल्या जिवाणूत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी दाखवलं की दुधातली साखर नसली की ती पचवणारी जनुकं बंद राहतात, साखर आली की चालू होतात. म्हणजे जनुक नुसतं असून भागत नाही, ते उघडावं लागतं. 1965 मध्ये दोघांना त्यांचे सहकारी ल्वॉफ यांच्यासह नोबेल मिळालं.

माणसाच्या गर्भाचं तर सुरुवातीला स्वतःचं काहीच चालत नाही. पहिले दोन-तीन दिवस आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवर निघतात. चार ते आठ पेशी होतात, तेव्हा कुठे गर्भाची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणात जागी होतात. हे 1988 मध्ये दिसून आलं. पाचव्या दिवसापर्यंत वाटणीही झालेली असते: बाहेरच्या पेशींची पुढे वार, म्हणजे गर्भाला आईकडून अन्न पोचवणारा अवयव, होते, आतल्यांचं बाळ.

या वारेची गोष्ट मला सगळ्यात नवलाची वाटते. 1984 मध्ये उंदरांवर प्रयोग झाले. गर्भाला जनुकांचे दोन्ही वाटे आईचेच दिले तर वार नीट वाढेना, दोन्ही बापाचे दिले तर गर्भ खुंटे. काही जनुकांवर ती कुणाकडून आली याची खूण असते आणि त्याप्रमाणे ती उघडी किंवा बंद राहतात. वारेच्या पेशी एकमेकींत मिसळवून सलग थर करणारं प्रथिन तर मुळात विषाणूचं. आपल्या पूर्वजांच्या डीएनएत कोट्यवधी वर्षांपूर्वी शिरलेल्या विषाणूचं जनुक आज बाळंतपणाच्या कामी येतं.

मुलगा की मुलगी, हा प्रश्न आपल्याकडे आजही सुनेला विचारला जातो. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 807. पण मुलगा घडवणारं वाय गुणसूत्र बापाकडून येतं. त्यावरचं एसआरवाय जनुक 1990 मध्ये सापडलं. ते सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास चालू झालं तर वृषण घडू लागतात. तोवर मुलाची आणि मुलीची जननग्रंथी दिसायला सारखीच असते.