नीट पीजीचा कटऑफ खाली आल्यावर काय करायचं: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रं

जानेवारी २०२६ मध्ये नीट पीजी २०२५ चा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, कटऑफ (पात्रतेची किमान मर्यादा) खाली आला. खुल्या आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) उमेदवारांसाठी ५० पर्सेंटाइलवरून थेट ७ पर्सेंटाइल, म्हणजे २७६ गुणांवरून १०३. खुल्या प्रवर्गातल्या दिव्यांगांसाठी २५५ वरून ९०. एससी, एसटी आणि ओबीसींसाठी शून्य पर्सेंटाइल, म्हणजे ८०० पैकी उणे ४० गुण असलेलाही पात्र. निकाल ऑगस्ट २०२५ मध्ये लागला होता. मधल्या पाच महिन्यांत अनेकांनी त्या वर्षीच्या प्रवेशाचा नाद सोडून पुढच्या परीक्षेची पुस्तकं उघडली होती. अशा मुलामुलींना अचानक प्रवेशाच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि नेमकी तेव्हाच कागदपत्रांवरून धावपळ उडते. ही वेळ दरवर्षी कुणावर ना कुणावर येते, म्हणून ही माहिती एकत्र मांडतो आहे.

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइलला असणं म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण निम्म्या उमेदवारांच्या पुढे असणं. २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. पेपर सोपा-अवघड गेला की त्याच पर्सेंटाइलचे गुण बदलतात. खुल्या प्रवर्गाचा मूळ कटऑफ २०२२ मध्ये २७५, २०२३ मध्ये २९१ आणि २०२५ मध्ये २७६ होता, पर्सेंटाइल मात्र तिन्ही वर्षी ५० च. २०२४ ला परीक्षा दोन सत्रांत झाली आणि गुणांचं समानीकरण झालं. त्यामुळे 'गेल्या वर्षी इतक्या गुणांना अमुक सीट मिळाली' या हिशेबाला फारसा अर्थ नाही. तुलना करायची तर अखिल भारतीय रँकची करा.

नियमाने ठरलेले मूळ कटऑफ असे: खुला आणि ईडब्ल्यूएस ५० पर्सेंटाइल, खुल्यातले दिव्यांग ४५, एससी, एसटी आणि ओबीसी (त्यांतल्या दिव्यांगांसह) ४०. ईडब्ल्यूएसला जागांमध्ये आरक्षण आहे, पण कटऑफमध्ये सवलत नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही. प्रवेशाच्या फेऱ्या होऊनही जागा रिकाम्या राहिल्या की केंद्र सरकार कटऑफ उतरवतं. २०२३ मध्ये तो सर्वांसाठी शून्यावर आणला होता. २०२४ च्या परीक्षेसाठी तो आधी १५ आणि १० पर्सेंटाइलवर आला आणि नंतर आणखी खाली गेला.

कटऑफ उतरला तरी तुमची रँक तीच राहते. तुमच्या पुढच्या लाखभर उमेदवारांची पसंती आधी लागणार. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग या जागा पहिल्या फेऱ्यांतच संपतात. उशिरा पात्र ठरणाऱ्यांपुढे बहुतेक उरतात त्या शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, न्यायवैद्यक अशा शाखा आणि खाजगी किंवा अभिमत महाविद्यालयांतल्या महागड्या जागा. या शाखांना दुय्यम समजू नका. वैद्यकीय महाविद्यालयं त्यांच्या शिक्षकांशिवाय चालत नाहीत. पण महागडी सीट घेण्यापूर्वी तीन वर्षांची फी, वसतिगृह आणि विद्यावेतन यांचा हिशेब घरच्यांसोबत कागदावर मांडा. शेवटच्या फेरीच्या रात्री घाईत घेतलेला निर्णय फार महागात पडू शकतो.

नोंदणी दोन ठिकाणी, वेगवेगळी

शासकीय महाविद्यालयांच्या ५० टक्के अखिल भारतीय कोट्याच्या जागा, अभिमत आणि केंद्रीय विद्यापीठं आणि डीएनबीच्या (मान्यताप्राप्त रुग्णालयांत होणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) जागा दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती, म्हणजे एमसीसी, भरते. महाराष्ट्राच्या कोट्याच्या जागा आणि राज्यातल्या खाजगी महाविद्यालयांच्या जागा राज्य सीईटी कक्ष भरतो. एमसीसीकडे नोंदणी केली म्हणून सीईटी कक्षाकडे नाव जात नाही. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र शुल्क, स्वतंत्र चॉइस फिलिंग, म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरणं. एम्स, पीजीआय चंदीगड, जिपमर यांचा या प्रक्रियेशी संबंध नाही, त्यांची आयएनआय-सीईटी ही परीक्षा वेगळी आहे.

कटऑफ उतरल्यावर नव्याने पात्र ठरलेल्यांना नोंदणीसाठी खिडकी उघडते, पण ती काही दिवसांचीच. जुन्या पसंतीक्रमाच्या भरवशावर राहू नका. नवी फेरी म्हणजे नवा पसंतीक्रम, आणि तो लॉक करायचा.

अखिल भारतीय कोट्यासाठी एमसीसीचं नोंदणी शुल्क खुल्या आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना १,००० रुपये आणि अनामत २५,००० रुपये, तर आरक्षित प्रवर्गांना ५०० आणि १०,००० रुपये असं राहिलं आहे. अभिमत विद्यापीठांसाठी मात्र शुल्क ५,००० आणि अनामत २ लाख रुपये. अनामत भरली त्याच खात्यात परत येते, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या किंवा ओळखीच्या कुणाच्या कार्डावरून पैसे भरू नका.

राज्य कोट्याच्या पात्रतेत एक मोठा बदल लक्षात ठेवा. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तन्वी बहल खटल्यात निकाल दिला, की पदव्युत्तर वैद्यकीय जागांवर रहिवासाच्या आधारे आरक्षण घटनाबाह्य आहे. त्याच राज्यातल्या किंवा संस्थेतल्या पदवीधरांना वाजवी प्रमाणात प्राधान्य देता येतं. म्हणजे आता केवळ डोमिसाइल दाखवून भागत नाही, एमबीबीएस कुठून केलं हे महत्त्वाचं. त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका मुळातून वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारे सारांश नकोत.

कागदपत्रं

सर्वांना लागणारी: नीट पीजीचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड, एमबीबीएसच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, महाराष्ट्र वैद्यक परिषदेची किंवा संबंधित परिषदेची नोंदणी, जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. परदेशातून एमबीबीएस केलेल्यांना एफएमजीई (त्यांच्यासाठीची भारतातली पात्रता परीक्षा) उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. इंटर्नशिप कधीपर्यंत संपलेली हवी ती तारीख दरवर्षी जाहीर होते. नीट पीजी २०२५ साठी ती ३१ जुलै २०२५ होती.

खरी अडचण आरक्षणाच्या कागदांत येते, कारण केंद्र आणि राज्य यांचे नमुने आणि याद्या वेगळ्या आहेत. राज्यात जातीच्या प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि व्हीजे (विमुक्त जाती), एनटी (भटक्या जमाती), ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) यांना मुदतीतलं नॉन क्रिमीलेअरही. एमसीसीकडे ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातलं हवं आणि जात केंद्रीय यादीत हवी. केंद्रात व्हीजे-एनटी असे वेगळे प्रवर्गच नाहीत. बंजारा, धनगर, वंजारी उमेदवार तिथे ओबीसी म्हणून येतात आणि त्यांना केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला काढावा लागतो. मराठा उमेदवाराला राज्यात एसईबीसीचा १० टक्के लाभ मिळतो, पण अखिल भारतीय कोट्यात तो खुल्यात मोडतो. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटीत बसत असेल तर तिथे ईडब्ल्यूएसचा केंद्रीय नमुन्यातला दाखला चालतो. म्हणून तहसीलमध्ये किंवा सेतू केंद्रात जाल तेव्हा दोन्ही नमुने मागा आणि दाखल्यावरचं आर्थिक वर्ष तिथेच उभं राहून तपासा.

जात वैधतेचा अर्ज पडताळणी समितीकडे अडकला असेल तर निकालाची वाट न पाहता आजच पाठपुरावा सुरू करा. आजोबा-पणजोबांचे जुने शालेय दाखले शोधण्यातच आठवडे जातात. तेवढा वेळ प्रवेशाची कोणतीही फेरी देत नाही.

दिव्यांग उमेदवारांना साधं जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र पुरत नाही. एमसीसीने नेमलेल्या केंद्रातून तपासणी करून घ्यावी लागते आणि तिथे वेळ आधी घ्यावी लागते. शासकीय सेवेतल्या डॉक्टरांना विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टर मुलींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये आधीच लावावी, कारण गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की पडताळणीच्या टेबलावर हमखास अडवलं जातं.

सीट मिळाल्यावर

पहिल्या फेरीत मिळालेली सीट नाकारली तर नुकसान होत नाही. पुढच्या फेऱ्यांत मात्र सीट मिळून रुजू झाला नाहीत तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत रुजू झालेल्याला स्ट्रे राऊंडमध्ये, म्हणजे त्यानंतर उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत, भाग घेता येत नाही. स्ट्रे राऊंडमध्ये मिळालेली सीट सोडली तर अनामत तर जातेच, शिवाय पुढच्या सत्रासाठी अपात्र ठरवलं जातं. त्यामुळे त्या फेरीत फक्त तीच महाविद्यालयं भरा, जिथे दुसऱ्या दिवशी मूळ कागदपत्रं आणि फीचा डीडी घेऊन खरोखर हजर व्हाल. सीट धरून बसलेल्यांच्या याद्या एमसीसी आणि राज्यं एकमेकांना देतात, दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. आणि यंदाचे गुण फक्त यंदाच्या प्रवेशासाठीच धरले जातात, पुढच्या वर्षासाठी परीक्षा पुन्हा द्यावी लागते.