लोकशाही संस्कार, डेन्मार्कमधील युवकांचा

डेन्मार्कमध्ये शाळा, संघटना व राजकीय पक्षांच्या युवक शाखा यांतून तरुणांवर होणारा लोकशाही वर्तनाचा संस्कार. डॅनिश भाषेत त्यास ‘डेमोक्रातिस्क डानेल्से’ म्हणतात; ‘नागरिकशास्त्र’ हा पर्याय तोकडा पडतो.

या परंपरेचा उगम बहुधा डॅनिश धर्मोपदेशक व विचारवंत एन. एफ. एस. ग्रुंटविग (१७८३–१८७२) यांच्या लोकविद्यालयाच्या (प्रौढ तरुणांसाठीच्या परीक्षाविरहित निवासी शाळेच्या) कल्पनेत शोधला जातो. पहिले लोकविद्यालय १८४४ मध्ये रॉडिंग येथे निघाले. परंतु श्लेस्विग या डेन्मार्क-जर्मनी सीमेवरील प्रदेशातील डॅनिश भाषेचे रक्षण हाही त्यामागील प्रमुख हेतू होता. शिवाय, संविधान सभेचे सदस्य असूनही १८४९ च्या संविधानावरील अंतिम मतदानात ग्रुंटविग तटस्थ राहिले. त्यामुळे त्यांना आजच्या अर्थाने लोकशाहीचे जनक मानणे धाडसाचे ठरते. ग्रुंटविग व लोकशाही यांची ही सांगड प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असतानाच्या काळात पक्की झाली असावी. १९४० मध्ये धर्मेतिहासकार हाल कोक यांनी ग्रुंटविगवर व्याख्याने दिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या युवक संघटनांच्या संयुक्त परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. लोकशाहीचे सार मतमोजणीत नसून संवादात आहे, हे त्यांचे मत (१९४५). विधिज्ञ आल्फ रॉस यांनी १९४६ मध्ये लोकशाही ही निर्णयाची, म्हणजे बहुमताची पद्धती असल्याचे प्रतिपादन केले. व्याख्या म्हणून रॉस यांची मांडणी अधिक काटेकोर आहे. शिक्षणव्यवहारात मात्र कोक यांचाच प्रभाव टिकला.

मतदानाचे वय बदलण्यास सार्वमत आवश्यक असते. १९५३ मध्ये ते २३ वर्षांवर आले, १९६१ मध्ये २१ वर. १९६९ मध्ये १८ वर्षांचा प्रस्ताव सुमारे ७९ टक्के मतदारांनी फेटाळला. १९७१ मध्ये २० वर्षांची मर्यादा मान्य झाली व १९७८ मध्ये १८ ची, तीही जेमतेम ५४ टक्के मतांनी.

पाचवी किंवा त्यापुढील इयत्ता असलेल्या शाळांत विद्यार्थ्यांना विद्यार्थी परिषद स्थापण्याचा कायदेशीर हक्क आहे. आठवी ते दहावीसाठी २०१५ पासून राष्ट्रीय पातळीवर ‘शालेय निवडणूक’ घेतली जाते. तीत खऱ्या पक्षांना मते दिली जातात, निकाल अर्थात बंधनकारक नसतो. पक्षांच्या युवक शाखांपैकी हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची शाखा १९०४ ची, तर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाची १९२० ची. मतदानाविषयीच्या अभ्यासांत अठरा वर्षांचे मतदार त्यांच्याहून थोड्या मोठ्या तरुणांपेक्षा अधिक प्रमाणात मतदान करताना आढळतात. ते अद्याप आईवडिलांच्या घरी राहतात, हे त्याचे एक कारण मानले जाते.