जंबो बॅगचे चार पट्टे

एक टन माल भरलेली जंबो बॅग, म्हणजे कारखान्यातली अवाढव्य गोणी, उचलली जाताना सगळ्यांचं लक्ष बॅगेकडे असतं. माझं जातं तिच्या चार पट्ट्यांकडे. सगळा भार पेलतात ते हे विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे एका प्लास्टिकचे, पट्टे.

बॅगेच्या लेबलवर सुरक्षित भारासोबत ५:१ किंवा ६:१ असं छापलेलं असतं. ५:१ म्हणजे एकदाच वापरायची बॅग. भार १००० किलो असेल, तर त्या नमुन्याच्या बॅगेने चाचणीत ५००० किलोंची ओढ सोसलेली असते. ६:१ची बॅग, तपासून, पुन्हा वापरता येते. मग थोडं जास्त भरलं तर काय बिघडलं? बिघडतं, कारण चाचणीतली ओढ सावकाश वाढवलेली असते आणि पट्टे सरळ उभे असतात.

चारही पट्टे उभे असले की प्रत्येकावर २५० किलो येतात. तेच एका हुकात गोळा केले आणि उभ्या रेषेपासून ६० अंश कलले, तर प्रत्येकावरचा ताण थेट ५०० किलोंवर जातो. माल तेवढाच, पण पट्टे एकमेकांना आडवे ओढण्यातही जोर घालवतात.

त्याहून घातक असतो हिसका. फोर्कवर, म्हणजे फोर्कलिफ्टच्या उचलणाऱ्या दांड्यावर, अडकलेला पट्टा सुटून बॅग ५ सेंटिमीटर पडली आणि पट्टे १ सेंटिमीटर ताणून थांबली, तर त्या क्षणी सरासरी ओढ वजनाच्या सहापट होते. पाचपटीची सगळी राखीव ताकद तिथेच संपली! म्हणून आधी पट्टे हळूच ताठ करायचे, मग उचलायचं. फोर्कच्या कडाही गोलसर हव्यात. धारदार कडेवर ताण मोजक्याच धाग्यांवर एकवटतो, ते तुटले की शेजारचे तुटतात.

उन्हाचं नुकसान मात्र सहज दिसत नाही. अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. उघड्यावर पडून राहिलेल्या बॅगेचा पट्टा नखाने खरवडून बघा. धागे भुरभुरले, पांढरट भुकटी हाताला लागली, तर ती बॅग बाद करा, लेबल काहीही म्हणो.

आणि लटकत्या बॅगेखाली कुणीही नको, अगदी खालचं तोंड सोडण्यापुरतंसुद्धा. झोका घेणारी बॅग हाताने थोपवू नये. एक टनाची गती माणसाच्या अंगाने थांबत नाही. बॅगेला आधीच दोर बांधावा आणि लांबूनच वळवावी.