एक अक्षर वाढलं म्हणून अख्खी फाईल कशाला पाठवायची?

माझ्या एका डीटीपीवाल्या मित्राचं पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आतल्या गल्लीत छोटं ऑफिस आहे. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, "अरे ते फुकटातलं एखादं बॅकअपचं सॉफ्टवेअर सांग ना, रात्री आपोआप चालेल असं." झालं होतं असं की ऑफिसातल्या पोराने डिस्क भरली म्हणून जुन्या कामांचं एक फोल्डर उडवलं, ते क्लाउडला सिंक होतं, त्यामुळे तिकडूनही उडालं आणि दुसऱ्या मशीनवरूनही, आणि हे लक्षात येईपर्यंत क्लाउडच्या कचरापेटीची मुदत संपलेली. "पण सगळं क्लाउडवर होतं ना!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याचा बोर्डच करून लावावासा वाटतो.

सिंकचं काम दोन्हीकडे सारखं ठेवायचं एवढंच. तुम्ही उडवलंत की तेही उडवणार, त्यात त्याची काही चूक नाही. सिंकथिंग नावाचं असं एक सॉफ्टवेअर मी स्वतः वापरतो, मुक्त आहे, मस्त आहे, पण ते बॅकअप नाही. बॅकअप म्हणजे जुनी आवृत्ती, कालची, मागच्या महिन्यातली, जिला आजची चूक पोचत नाही.

नावं सांगून फोन ठेवला असता, पण तो म्हणाला, "रोज चाळीस जीबी चढवत बसायचं का मग?" आणि इथे मी घसरलो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला प्रचंड आवडतं.

१९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी आरसिंक लिहिलं, फाईलमधला बदललेला भाग तेवढाच पाठवणारं सॉफ्टवेअर. अडचण अशी: जुनी फाईल तिकडे आहे, थोडी बदललेली नवी फाईल इकडे आहे, मधली लाइन बारीक आहे, आणि दोन्ही फाईली एका जागी कोणाकडेच नाहीत. मग फरक काढायचा कसा? पहिलं सुचतं ते म्हणजे दोन्हीकडे फाईलचे सारखे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याची बेरीज घ्या (मशीनला अक्षरं म्हणजे आकडेच) आणि जुळत नाही तेवढाच पाठवा. पण समजा लग्नात पंगत बसलीये, दहा-दहाचे गट मोजून झालेत, आणि पहिल्याच पाटावर एक आत्या येऊन बसली. सगळे एकेक पाट सरकले. आता प्रत्येक गटात एकाची अदलाबदल झाली, म्हणजे कागदावर सगळेच गट नवीन, आणि खरं बघायला गेलं तर नवीन फक्त आत्या. फाईलच्या सुरुवातीला एक अक्षर घातलं की हेच होतं.

यावर ट्रिजेलचा उपाय असा की जुनी फाईल जिकडे आहे त्याने ठराविक तुकडे करून बेरजा पाठवायच्या, पण नवी फाईल जिकडे आहे त्याने ठराविक जागीच नाही तर एकेक बाईट सरकत प्रत्येक जागेपासून बेरीज करून बघायची की हा तुकडा तिकडे कुठे आहे का. दर बाईटला नव्याने बेरीज करत बसलं तर मशीन बसेल. म्हणून सरकती बेरीज. चार आकड्यांचा तुकडा घ्या: २, ७, १, ८. बेरीज १८. पुढचा आकडा ३. एक घर सरकायला परत चार आकडे मिळवायचे नाहीत, गेलेला २ वजा करा, आलेला ३ मिळवा, १९. झालं.

पण नुसत्या बेरजेला क्रम कळत नाही, ७, २, १, ८ ची पण १८च येते. म्हणून दुसरी, वजनाची बेरीज: पहिल्याला ४ ने गुणा, दुसऱ्याला ३ ने, मग २ ने, मग १ ने. २, ७, १, ८ ची येते ३९, आणि ७, २, १, ८ ची ४४. गंमत म्हणजे हीसुद्धा सरकते! ३९ मधून ४ गुणिले २ म्हणजे ८ वजा करा, नवी साधी बेरीज १९ मिळवा, ५०. आता ७, १, ८, ३ सरळ मांडून बघा, २८ अधिक ३ अधिक १६ अधिक ३, ५०च. मी हे पहिल्यांदा वहीत करून बघितलं तेव्हा चहा गार झाला होता.

ही बेरीज कच्ची, योगायोगानेही जुळू शकते, म्हणून जुळली तरच त्या तुकड्याचा पक्का हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, काढायचा (सुरुवातीला एमडी४ होता, पुढे एमडी५ आला). तोही जुळला तर तुकडा पाठवायचाच नाही, नुसतं "तुझा अमुक नंबरचा तुकडा" एवढं कळवायचं. कच्ची बेरीज ४ बाईट, पक्का हॅश १६. मोठ्या फाईलला तुकडा साधारण फाईलच्या लांबीच्या वर्गमुळाएवढा धरतात, म्हणजे दहा कोटी बाईटच्या फाईलचे दहा हजार तुकडे, आणि बेरजांचा खर्च फार तर दोन लाख बाईट. दहा कोटींच्या जागी दोन लाख आणि वर जे खरंच बदललं तेवढं. मात्र आधी झिप करून ठेवलंत तर सगळं मुसळ केरात, कारण आत एक अक्षर बदललं तरी तिथून पुढचे जवळपास सगळे बाईट बदलतात. आणि घरच्याच यूएसबी डिस्कवर कॉपी करताना आरसिंक हा खेळ खेळतच नाही, अख्खी फाईल लिहितं, वाचवायला मधे लाइनच नसते.

एवढं आरसिंकपुराण लावून शेवटी त्याला बसवून दिलं रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर, कारण त्याच्याकडे विंडोज, आणि आरसिंक तिथे सरळ चालत नाही. रेस्टिकमधेही सरकती बेरीजच आहे पण वेगळ्या कामाला: ६४ बाईटची खिडकी सरकवत जायचं आणि उत्तराचे शेवटचे २० बिट शून्य आले की तिथे तुकडा तोडायचा. म्हणजे पंगतीत दहा मोजायचे नाहीत, लाल पागोटंवाला आला की गट संपला. आत्या आली तरी फक्त तिचा गट बदलतो. जुन्या आवृत्त्या राहतात, सगळं कुलूपबंद असतं, फक्त पासवर्ड हरवला तर डेटा गेला समजा. नुसत्या फाईली इकडून तिकडे न्यायच्या असतील तर फ्रीफाईलसिंक बरं, क्लाउडला आरक्लोन, पण त्यात "सिंक" दिलं की तिकडच्या जादा फाईली उडतात, "कॉपी" वापरा. सर्व्हरवर फाईली चढवायला फाईलझिला चांगलं असलं तरी त्यात वेळापत्रक नाही.

वेळेचं म्हणाल तर विंडोजचा टास्क शेड्युलर पुरतो, लिनक्सवाल्यांना क्रॉन. आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते ती गुरुवारी, आणि साधं क्रॉन त्या वेळी मशीन बंद असेल तर ते काम सोडून देतं, नंतर करत नाही. त्याला अ‍ॅनाक्रॉन लागतं. शेड्युलरमधे हुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर लगेच करायची टिक आहे, ती मारा.

मित्राकडे खंडेनवमीला प्रत्येक मॉनिटरला हार असतो, यूपीएसलाही हळदकुंकू, दारावर लिंबू-मिरची. माझी काही हरकत नाही, पण डिस्क मरायची तेव्हा मरतेच, आणि जाहिरातीत "एआय बॅकअप" लिहिलं म्हणूनही ती थांबत नाही, ती आधुनिक लिंबू-मिरची. दुसरी प्रत त्याच कपाटात ठेवणाऱ्यांनी तर घरातल्या म्हाताऱ्यांना १२ जुलै १९६१ विचारावं. पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधे पाण्याने कपाट कुठलं ते बघितलं नव्हतं.

आणि बॅकअपमधून फाईल परत काढून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तसं सांगणारे ईमेल पोचतच नव्हते. साधारण ६ तासांचा डेटा गेला.

म्हणून गेल्या रविवारी मित्राला म्हणलं, एक जुना दिवाळी अंक दुसऱ्या मशीनवर काढून दाखव. फाईल आली, उघडली, आणि मराठीच्या जागी सगळीकडे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. डेटा शाबूत होता. जुन्या श्रीलिपी फॉन्टचं फोल्डर बॅकअपच्या यादीतच नव्हतं.