वाचवलेलं पाणी आलं कुठून?

पाणीवाटपावरची कुठलीही टीव्ही चर्चा पाच मिनिटं ऐका. भारतानं एप्रिल २०२५ मध्ये सिंधू जलकरार स्थगित केल्यापासून तर त्यांना ऊतच आलाय. कुणीतरी हमखास म्हणतं, "भांडता कशाला? कालवे गळके आहेत, शेतकरी पाणी उधळतोय. अस्तरीकरण करा, सगळीकडे ठिबक बसवा, दोन्ही देशांना पुरून उरेल." ऐकायला झकास आहे. पण गळलेलं पाणी जातं कुठे, हे कुणी विचारत नाही. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवर ते विचारावं लागलं, थेट न्यायालयात.

कोलोरॅडो नदीचं पाणी कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात नेणारा ऑल-अमेरिकन कालवा सीमेला जवळजवळ खेटून जातो. त्याआधीचा अलामो कालवा मेक्सिकोतून वळसा घालून यायचा. ती कटकट नको म्हणून १९३० च्या दशकात हा नवा खणला. मातीचा कालवा, तोही वाळूच्या टेकड्यांतून. पाझरणारच. हा पाझर जमिनीखालून दक्षिणेकडे, म्हणजे मेक्सिकोत जायचा आणि मेक्सिकाली खोऱ्यातले शेतकरी तो विहिरींतून उपसून शेती करायचे. पुढे अमेरिकेनं ठरवलं की जुन्या कालव्याशेजारी ३७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा बांधायचा. बचत वर्षाला सुमारे ८.३५ कोटी घनमीटर, आपल्या भाषेत जवळपास ३ टीएमसी, म्हणजे दीड खडकवासला. त्यातलं बहुतेक पाणी सॅन डिएगोकडे जाणार होतं.

मेक्सिकालीच्या लोकांनी २००५ मध्ये अमेरिकेतच दावा लावला. पण १९४४ च्या तहात मेक्सिकोचा वाटा ठरलाय तो नदीच्या पाण्याचा, वर्षाला १८५ कोटी घनमीटर (सुमारे ६५ टीएमसी). त्यात कपात झालेली नव्हती आणि जमिनीखालच्या पाण्याची वाटणी तहानं केलेलीच नाही. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी संसदेनं हे काम विनाविलंब करा असा कायदाच केला आणि २००७ मध्ये दावा निकाली निघाला. कालवा झाला. कार्यक्षमता वाढली. कागदावर पाणी 'वाचलं'. प्रत्यक्षात ते एका देशाच्या विहिरींतून निघून दुसऱ्या देशाच्या नळांत आलं.

अशा ठिकाणी पाण्याचा हिशेब लावायची पद्धत सोपी आहे. शेताला दिलेल्या पाण्याचे दोन भाग करायचे. एक भाग वाफ होऊन हवेत जातो. तो खोऱ्याच्या दृष्टीनं खर्ची पडला. उरलेला मुरतो किंवा ओघळतो, आणि खाली कुठल्या तरी विहिरीत, ओढ्यात, नदीत परत येतो. अस्तरीकरण मुख्यतः दुसऱ्या भागावर काम करतं. मग पहिला भाग, वाफेचा, कमी करता येईल का? इथे गोष्ट पानाच्या आत शिरते, आणि मला खरा रस आहे तो इथेच.

पानाला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. तो पर्णरंध्रांतून आत येतो. पण पानाच्या आतली पेशींची भित्तिका ओलीच असावी लागते, नाहीतर वायू विरघळणार कशात? म्हणजे दार उघडलं की वायू आत आणि वाफ बाहेर. आता आकडे बघा. हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२०. पानाच्या आत, गव्हासारख्या पिकात, साधारण २९०. फरक १३०, त्याला आत ढकलणारा जोर एवढाच. उलट बाजूला पाणी: ३० अंश सेल्सिअसला पानातली हवा वाफेनं संपृक्त, म्हणजे दहा लाखांत सुमारे ४२ हजार रेणू. बाहेर आर्द्रता ४० टक्के असेल तर १७ हजार. फरक २५ हजार. पंचवीस हजार भागिले १३० म्हणजे एकशे नव्वदच्या आसपास. शिवाय पाण्याचा रेणू हलका असल्यानं तो हवेतून १.६ पट वेगानं पसरतो. गुणाकार करा: कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमावताना पाण्याचे सुमारे तीनशे रेणू गमवावे लागतात. वाळवंटातल्या ४० अंशांच्या दुपारी हाच आकडा दुपटीच्याही वर जातो.

म्हणून हवामान तेच असेल तर पिकाचं वजन आणि त्यानं सोडलेली वाफ हातात हात घालून वाढतात. डच शास्त्रज्ञ सी. टी. द विट यांनी १९५८ मध्ये हे नातं जवळपास सरळ रेषेत मांडून दाखवलं. कुठलाही पाइप, कुठलाही ड्रिपर या रेषेला फारसा धक्का लावू शकत नाही, कारण ती रेषा पंपाजवळ नसून पर्णरंध्रात ठरते. ठिबकनं उत्पादन वाढतं हे खरंच आहे. पीक ताणात जात नाही, रंध्रं जास्त वेळ उघडी राहतात. पण म्हणजेच वाफही वाढते! वर हातात उरलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो (आणि का भिजवू नये?). मग खालच्या गावात परत जाणारं पाणी दोन्ही बाजूंनी घटतं. २०१८ मध्ये क्विंटन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये याला सिंचन-कार्यक्षमतेचा विरोधाभास म्हटलं होतं.

ठिबक निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. दोन ओळींमधली उघडी ओली माती सुकते ती वाफ खरोखर वाया जाते, आणि ठिबक ती वाचवतं. वीज वाचते, खत वाचतं. पाझर खाऱ्या थरात किंवा समुद्रात जात असेल तर अस्तरीकरणानंही खरी बचत होते. माझं भांडण आहे ते '५० टक्के पाणीबचत' अशा फलकांशी. पन्नास टक्के कशाचे, शेताच्या बांधावर मोजलेले की खोऱ्याच्या तोंडाशी? पाणाड्याचंही असंच असतं. कालव्याच्या लाभक्षेत्रात त्याचा नारळ हातावर उभा राहो न राहो, विहिरीला पाणी लागतंच. श्रेय नारळाला, काम पाझराचं.

परतीच्या पाण्याला चव असते हेही कोलोरॅडोनं शिकवलं. १९६१ पासून अ‍ॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागातलं निचऱ्याचं खारट पाणी नदीत सोडायला लागले आणि मेक्सिकोत पिकं करपली. तहात आकारमान होतं, क्षाराचा उल्लेख नव्हता. १९७३ च्या नव्या करारानं तो आला. खारं पाणी वेगळ्या चरातून मेक्सिकोच्या वाळवंटात सोडलं गेलं, तर तिथे सिएनेगा दे सांता क्लारा नावाची हजारो हेक्टरची दलदल उभी राहिली, पक्ष्यांनी गजबजलेली. ते पाणी गोड करून नदीत घालायला युमाला बांधलेला कारखाना १९९२ मध्ये तयार झाला आणि तेव्हापासून बहुतेक काळ बंदच आहे. तो चालवला तर दलदलीचं पाणी तुटेल.

मग दोन शेजाऱ्यांनी मोजायचं काय? माझ्या मते वाफ. घामानं अंग गार पडतं तसं वाफ सोडणारं शेत गार असतं. लँडसॅट उपग्रह जमिनीचं तापमान टिपतो, त्यावरून कुठल्या शेतानं किती पाणी उडवलं याचा अंदाज निघतो. पश्चिम अमेरिकेसाठी असे आकडे २०२१ पासून 'ओपनईटी'वर कुणालाही पाहता येतात. त्यात चूक असते, ढग आडवे येतात. पण सीमेपलीकडचा शेतकरीही तेच चित्र बघू शकतो, जे कालव्याच्या दारावरच्या मापाबद्दल म्हणता येत नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यातल्या सध्याच्या पूरक कराराची, मिनिट ३२३ ची, मुदत २०२६ अखेरपर्यंत आहे.

आपल्याकडे हा हिशेब अगदी नवा नाही. १९७६ च्या कृष्णा पाणीतंटा निवाड्यात बच्छावत लवादानं मूळ २०६० टीएमसीवर परतीच्या पाण्याचे ७० टीएमसी धरले: महाराष्ट्राला २५, कर्नाटकाला ३४, आंध्रला ११. वाढीव सिंचनवापराच्या १० टक्के पाणी नदीत परत येईल असं त्यामागचं गृहीतक. ते उघड्या पाटांच्या काळातलं. आता महाराष्ट्रात वितरिकांऐवजी बंद नलिका टाकल्या जातायत. तेव्हा त्या २५ टीएमसीपैकी किती अजून परत येतं, हे पुन्हा मोजायला हवं, आणि ते मोजायला तीनही राज्यांचे (आता तेलंगण धरून चार) अभियंते एका टेबलावर बसायला हवेत.