पन्नाशीऐवजी पंचेचाळिशी : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी

अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्या माणसालाही आता पंचेचाळिशी गाठली की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची चाचणी करून घ्यायला सांगतात. २०१८ पर्यंत हे वय पन्नास होतं.

सुरुवात कागदी कार्डापासून झाली. तीन वेळच्या शौचाचे नमुने काडीने कार्डावर लावायचे. प्रयोगशाळेत त्यावर थेंब टाकल्यावर डाग निळा झाला, तर शौचात न दिसणारं रक्त असल्याचा संशय. दरवर्षी हे कार्ड देणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी कमी झाल्याचं मिनेसोटातल्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवलं. त्यातले लोक ५० ते ८० वर्षांचे होते. पन्नाशी रुजली ती अशा अभ्यासांतून. २००१ पासून ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात सर्वसाधारण जोखमीच्या लोकांची कोलोनोस्कोपीही (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासणं) आली.

वाद पेटला तो पुढे. २०१६ मध्ये सरकारी शिफारशी ठरवणाऱ्या तज्ज्ञगटापुढे संगणकी गणिताची तीन प्रारूपं होती. त्यांतल्या दोहोंत ४५ पासून सुरुवात थोडी फायद्याची दिसत होती, तरी गटाने ५० सोडलं नाही. पुढच्याच वर्षी एक अभ्यास आला : १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांच्या तुलनेत १९९० च्या सुमारास जन्मलेल्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट, गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट. २०१८ मध्ये एका मोठ्या कर्करोग संस्थेने ४५ जाहीर केलं, पण ती शिफारस ‘सशर्त’ होती. ५० ची मात्र ‘ठाम’. बातम्यांत ‘सशर्त’ हा शब्द गळला. आधार चाचण्यांचा कमी, गणिताचा जास्त, ही टीकाकारांची हरकत चुकीची नव्हती. तरीही तरुण रुग्ण वाढत असताना पुराव्यासाठी आणखी पंधरा वर्षं थांबणं मला पटत नाही. आणि शौचातून रक्त जात असेल, तर वयाची अट मुळातच लागू नाही. तिथे स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली चाचणी नव्हे, थेट निदान हवं.

२०२१ मध्ये तज्ज्ञगटही ४५ वर आला : ४५ ते ४९ ला शिफारशीची ‘बी’ श्रेणी, ५० ते ७५ ला ‘ए’, म्हणजे सर्वांत वरची. २०१० च्या कायद्यामुळे या दोन्ही श्रेणींच्या चाचण्या बहुतेक खासगी विम्यांना रुग्णाकडून पैसे न घेता द्याव्या लागतात. पण घरच्या चाचणीत रक्त सापडलं, की पुढची कोलोनोस्कोपी अनेकदा ‘निदान’ धरली जाई आणि बिल हातात पडे. खासगी विम्यांसाठी ही फट २०२२ मध्ये बुजवली, ज्येष्ठांच्या विम्यात २०२३ मध्ये. त्या सरकारी विम्यात तपासताना पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावरची गाठ) काढला तर खर्चाचा काही वाटा आजही रुग्णावर येतो. तो २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचा आहे.