फ्लॅश कमी करणं वेगळं, फ्लॅश मऊ करणं वेगळं

"पॉप-अप फ्लॅशवर टिश्यू पेपर लाव, लाइट सॉफ्ट होतो." नवा कॅमेरा घेतलेल्या प्रत्येक पोराला हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. मग बारशाला, साखरपुड्याला फ्लॅशवर चिकटपट्टीने लावलेला कागद दिसतो आणि फोटोत माणसामागच्या भिंतीवर तीच कात्रीने कापल्यासारखी काळी सावली. त्यावरून ठरवलं जातं की कॅमेऱ्यातूनच वर उघडणारा हा पॉप-अप फ्लॅशच बेकार. तसं नाही. फ्लॅश जास्त पडणं हा एक दोष आणि फ्लॅश कडक पडणं हा दुसरा. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

पहिला दोष बहुतेकांना माहीत असतो, म्हणून तो पटकन उरकतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक, मागचं सगळं काळं, म्हणजे फ्लॅश जास्त झाला. विजेच्या बाणाशेजारी अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण किंवा मेन्यू शोधा आणि उणे १ करा, म्हणजे फ्लॅश निम्मा होतो. उणे २ ला पाव. बाण नसलेलं नुसतं अधिक-उणेचं बटण वेगळं, त्याच्यावर फ्लॅशसाठी विसंबू नका. सोबत आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ८०० पर्यंत चढवा आणि शटर १/६० सेकंदाच्या आसपास ठेवा, म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटचाही प्रकाश फोटोत येईल. समोरचं माणूस स्थिर असेल तर १/३० सुद्धा चालतं.

आता दुसरा दोष. सावलीत दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात: ती किती गडद आहे आणि तिची कड किती तीक्ष्ण आहे. फ्लॅश कमी करून खोलीचा उजेड वाढवला की सावली फिकी होते, कारण तिच्यात दुसरा प्रकाश भरला जातो. पण फ्लॅशने पाडलेली कड आहे तशीच राहते. ती ठरते प्रकाश देणारा पृष्ठभाग समोरच्या माणसाच्या जागेवरून केवढा दिसतो यावर, प्रकाशाच्या जोरावर नाही. पॉप-अप फ्लॅशची खिडकी तीन-चार सेंटिमीटर रुंद. दोन मीटरवर बसलेल्या माणसाला ती जवळपास ठिपकाच दिसते, आणि ठिपक्यातून आलेल्या प्रकाशाची सावली कडकच पडणार. त्या खिडकीला चिकटवून टिश्यू लावला तरी खिडकी तेवढीच राहते.

गोंधळ कुठून येतो तेही मला कळतं. ढग आले की ऊन कमी होतं आणि सावल्याही पुसट होतात. दोन्ही एकदम घडतं म्हणून माणूस धरून चालतो की प्रकाश कमी झाला म्हणून तो मऊ झाला. खरं कारण असं की ढगांमुळे प्रकाश आभाळभर पसरतो आणि इवल्याशा सूर्याऐवजी अख्खं आभाळच दिवा होतं. खात्री करायची असेल तर उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाता तेव्हा पौर्णिमेच्या रात्री कठड्याची सावली बघा. पूर्ण चंद्राचा प्रकाश उन्हाच्या सुमारे ४ लाखांश, तरी सावलीची कड स्पष्ट असते. कारण आभाळात चंद्र आणि सूर्य दोघेही साधारण अर्धा अंशच व्यापतात. इतका मंद प्रकाशही कडक असू शकतो, हे डोळ्यांनी पाहिलं की टिश्यू पेपरवरचा विश्वास उडतो.

टिश्यूची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. त्याने बहुतेक वेळा फ्लॅश कमीसुद्धा होत नाही. फ्लॅश ऑटोवर, म्हणजे टीटीएलवर असतो तेव्हा कॅमेरा फोटोआधी एक छोटा झोत सोडतो, लेन्समधून परत आलेला प्रकाश मोजतो आणि त्यावरून खरा झोत किती मोठा सोडायचा ते ठरवतो. कागदाने तो छोटा झोतही अडवला, म्हणून कॅमेरा मोठ्या झोताचा जोर वाढवतो. फोटो जवळपास तोच येतो, फक्त फ्लॅश पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतो आणि बॅटरी लवकर उतरते. फ्लॅश मॅन्युअलवर असेल, किंवा आधीच पूर्ण ताकदीने उडत असेल, तरच कागदाने प्रकाश खरोखर कमी होतो. बाजारात मिळणारी पॉप-अपवर बसणारी प्लॅस्टिकची टोपणंही याच जातीची. लहान, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत त्यांच्यातून इकडेतिकडे सांडलेला प्रकाश भिंतींवरून परत येतो आणि थोडा फरक पडतो, एवढं मी मान्य करतो. सोलापूरच्या होम मैदानावर रात्री गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत मात्र परत यायला भिंत नाही की छत नाही. तिथे ती टोपणं वापरणं म्हणजे निव्वळ प्रकाश वाया घालवणं.

मग मऊ करायचं कसं? प्रकाशाचा पृष्ठभाग खरोखर मोठा करायचा. घरात सगळ्यात मोठा पांढरा पृष्ठभाग म्हणजे छत. लग्नपत्रिकेच्या जाडीचं कोरं पांढरं कार्ड फ्लॅशसमोर तिरकं धरा, साधारण ४५ अंशात, म्हणजे झोत सरळ माणसावर न जाता वर जाईल. आता प्रकाश देतोय छताचा चार-पाच फुटांचा भाग, आणि भिंतीवरची कड विरघळते. याची किंमत मोजावी लागते. पॉप-अपचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, आयएसओ १०० ला साधारण १२ मीटर असतो. त्याला लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने भागायचं, म्हणजे एफ ४ ला सरळ मारला तर पोच ३ मीटर. वर जाऊन खाली येताना वाट वाढते, त्यात कार्ड आणि छत दोघेही थोडा प्रकाश खातात. म्हणून आयएसओ १६०० धरूनच सुरुवात करा. त्या आयएसओने फोटोत येणारे दाणे मला चालतात, ती काळी सावली चालत नाही. आणि प्रकाश वरून आला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, तेव्हा मांडीवर एक पांढरा टॉवेल पसरा. टॉवेलच्या गावात तो नसलेलं घर सापडायचं नाही. खालून परतलेला उजेड डोळ्यांखाली जातो.

हा उपाय सगळीकडे चालत नाही. स्लॅबचं पांढरं छत उत्तम. माळवदाच्या जुन्या घरात तुळया काळ्या झालेल्या असतात, पत्र्याच्या छतावरूनही धड काही परत येत नाही, आणि मंगल कार्यालयाचं छत पॉप-अपच्या आवाक्याबाहेर असतं. हिरवा ऑइलपेंट मारलेल्या भिंतीवरून उजेड घेतलात तर नवरीचं तोंडही हिरवं येईल. अशा जागी मऊपणाचा नाद सोडा आणि माणसाला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे घ्या. कॅमेऱ्यापासून माणूस सहा फुटांवर आणि भिंत बारा फुटांवर असेल तर भिंतीवर पाव प्रकाश पोचतो, आणि सावली बरीचशी माणसाच्या मागे खाली दडते. कॅमेरा आडवाच धरा. उभा धरला की फ्लॅश लेन्सच्या बाजूला येतो आणि सावली कानाशेजारी उभी राहते. लग्नाच्या अल्बममध्ये मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच.

मऊपणाची गरजच नाही अशीही एक वेळ असते: भर दुपार. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज घेतलेले मानकरी पांढऱ्या बाराबंदीत, डोक्यावर ऊन आणि डोळे सावलीत. तिथे ऊनच मुख्य प्रकाश. फ्लॅशने फक्त त्या सावल्या भरायच्या, म्हणून त्याची खिडकी किती लहान आहे याने फारसं बिघडत नाही. जवळ जा, आठ-दहा फुटांच्या आत, आणि शटर १/२०० च्या वर नेऊ नका, कारण बऱ्याच कॅमेऱ्यांत पॉप-अपची मर्यादा तीच असते. उणे १ ने सुरुवात करा. मात्र चौकटीत पांढरे कपडेच जास्त असले तर कॅमेरा फसतो, फ्लॅश आपणहून कमी करतो आणि चेहरे काळपट येतात. तेव्हा उणे काढून शून्यावर या.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. लाल डोळे आले तर खोलीतले सगळे दिवे लावा, बाहुल्या आकसतात. फोटोच्या खालच्या कडेला अर्धगोल काळं दिसलं तर लेन्सचा हूड काढा.

चादरी, वॉलहँगिंग ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. समोरून मारलेल्या फ्लॅशने विणीचा उठाव पार सपाट होतो, मग मऊ करा नाहीतर कमी करा. तिथे पॉप-अप मिटवून ठेवा, कापड खिडकीशेजारी टांगा आणि उजेड एका बाजूने घासून जाऊ द्या. छोट्या वस्तूला, समजा शेंगाचटणीच्या बरणीला, फ्लॅश मारायचाच असेल तर ए-४ आकाराचा बटर पेपर फ्लॅशला न चिकटवता त्याच्यापुढे वीतभर अंतरावर धरा. तेवढ्या अंतरात झोत पसरतो, पूर्ण कागद उजळतो आणि कागदच दिवा होतो. बरणी कागदाच्या जितकी जवळ, तितकी सावलीची कड मऊ. फक्त कागद लेन्सच्या आड येऊ देऊ नका.